मी तेवीस वेळा वारलो

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला मरणाचे फारसे कौतुक राहत नाही. मार्चअखेर तो दरवर्षी एकदा मरतो, कर्जमाफीच्या याद्या आल्या की एकदा मरतो, आणि पेन्शनच्या दिवशी ऐन दुपारी संगणक बंद पडला तर त्याला मरायलाही फुरसत मिळत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात मी अकरा दिवसांत तेवीस वेळा वारलो. तेही दर्यापूरला, आमच्याच घरी, वरच्या टिनाच्या खोलीत, कूलरसमोर बसून. खोटे वाटत असेल तर वही दाखवतो. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. जे घडते ते तारीखवार लिहून ठेवायचे, एवढीच माझ्या शिक्षणाची शिल्लक उरली आहे.

झाले असे, की आमचे चिरंजीव बी. कॉम. होऊन दोन वर्षे घरी होते. बँकभरतीची पूर्व परीक्षा पास, मुख्य परीक्षा नापास, असा एक हंगाम झाला होता. दुसऱ्या हंगामाची मुख्य परीक्षा देऊन झाली होती. लोकांनी विचारले की मी "अभ्यास चालू आहे" असे सांगत असे. घरात आम्हा बापलेकांचे संभाषण दोन शब्दांवर आले होते. मी विचारायचे, "जेवला?" त्याने म्हणायचे, "हाव." आमचा एटीएमसुद्धा गिऱ्हाइकाशी याहून जास्त बोलतो.

एका रात्री सौभाग्यवती म्हणाली, "अहो, पोरगं रातभर वरती गेम खेळून राह्यलं. जरा जाऊन बोला त्याच्याशी." 'जरा बोला' याचा आमच्याकडे अर्थ 'जरा झापा' असा आहे. मी वर गेलो.

"हे काय चाललंय?"

"होलो नाइट."

"नाइट तर मलाही दिसते आहे. रात्रीचा दीड वाजलाय. होलो काय आहे?"

चिरंजीव हसले नाहीत. पण त्यांनी दुसरी खुर्ची पुढे सरकवली. "बाबा, दहा मिनिटं बसा. खेळून पाहा. मंग काय बोलायचं ते बोला."

बँकेत 'दहा मिनिटं बसा' हे वाक्य गेली बावीस वर्षे मी लोकांना सांगत आलो आहे. ते आपल्याला कोणी सांगितले तर नाही म्हणता येत नाही, हे मला तेव्हा कळले. बसलो.

आता वाचकांपैकी ज्यांच्या घरी तरुण मुलगा आहे त्यांच्यावर ही पाळी कधीतरी येणार आहे, म्हणून थोडी माहिती देतो. हा खेळ ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड गावच्या 'टीम चेरी' नावाच्या मूठभर माणसांनी केला. तो २०१७ साली आला आणि त्याचा पुढचा भाग 'सिल्कसाँग' २०२५ च्या सप्टेंबरात आला. या जातीच्या खेळांना 'मेट्रॉइडव्हेनिया' म्हणतात. 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' हे दोन जपानी खेळ १९८६ सालचे. त्यांच्या नावांची सोयरीक जुळवून हा शब्द तयार झाला. होलो नाइटमध्ये तुम्ही एक बोटभर किडा असता. हातात तलवारीऐवजी खिळा. खाली जमिनीच्या पोटात हॅलोनेस्ट नावाचे किड्यांचे ओसाड पडलेले राज्य. कुठे जायचे हे कोणी सांगत नाही. उड्या मारायच्या, लढायचे, आणि आपली वाट आपण शोधायची. थोडक्यात, नव्याने नोकरीला लागलेल्या क्लार्कचा पहिला आठवडा.

अकरा दिवसांत जे शिकलो ते नवशिक्यांच्या उपयोगासाठी क्रमवार देत आहे.

सूचना पहिली: आधी नकाशा घ्यावा. वाटेत कागदाचे कपटे पडलेले दिसले आणि कोणी गुणगुणताना ऐकू आले, की जवळपास कॉर्निफर नावाचा नकाशेवाला बसलेला असतो. तो त्या भागाचा कच्चा नकाशा विकतो. त्याची बायको इसेल्डा वर गावात दुकान चालवते. तिच्याकडून टाक आणि होकायंत्र घ्यावे. टाक नसेल तर नवीन पाहिलेली जागा नकाशावर उतरत नाही, आणि होकायंत्र नसेल तर नकाशा हातात असूनही आपण त्यात कुठे आहोत हे कळत नाही. नवऱ्याने दऱ्याखोऱ्यांत भटकायचे आणि बायकोने दुकानावर बसून पैसे मोजायचे. त्या ओसाड राज्यात मला एवढा एकच संसार सुरळीत दिसला.

सूचना दुसरी: बाक दिसला की बसावे. बाकावर बसले की तब्येत भरून येते, नकाशा पूर्ण होतो, आणि पुढे मेलात तर त्याच बाकावरून पुन्हा उठता. या नियमाशी मी लगेच समरस झालो. नुसते बसल्याने प्रकृती आणि कागदपत्रे दोन्ही सुधारतात, हा आमच्या खात्याचा जुनाच अनुभव आहे.

सूचना तिसरी: बटणे बडवू नयेत. पहिले चार दिवस मी समोर काही हलले की खिळा चालवत सुटलो. वहीत नोंद आहे: 'मरण क्र. ४: खाली काय आहे ते न पाहता उडी मारली. मरण क्र. ६: शत्रू नव्हताच, आपलाच गोंधळ. मरण क्र. ७: मॅनेजरसाहेबांचा फोन आला.' चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमी लय घाई करता. आधी पाहा ना, तो काय करते ते." प्रत्येक शत्रूची एक चाल असते. तो दोनदा उडी मारतो, एकदा आपटतो, मग क्षणभर थांबतो. तेवढ्यात आपण वार करायचा. हे ऐकून मला एकदम उजेड पडला. काउंटरवर चिडलेला गिऱ्हाईकसुद्धा तीन दमांत ओरडतो आणि चौथ्याला श्वास घेतो. आपले म्हणणे तेवढ्या जागेत घालायचे असते. बावीस वर्षे मी हेच करत होतो, फक्त हातात खिळा नव्हता.

पहिला मोठा शत्रू 'फॉल्स नाइट'. हत्तीएवढे चिलखत, हातात भला मोठा सोटा. पुरेसे वार बसले की तो कोसळतो, डोक्यावरचे चिलखत उघडते आणि आत काय असते? एक अळी! हे ॲडलेडच्या लोकांना सुचले याचे जगाला आश्चर्य वाटले असेल, पण वऱ्हाडी माणसाला वाटणार नाही. २०१७ सालीच आमच्याकडे गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली होती. बाहेरून बोंड कसे टणटणीत, आणि फोडले की आत बाईसाहेब. त्या अळीवर मी जो खिळा चालवला त्यात थोडी त्या वर्षीची थकीत वसुलीही होती.

सूचना चौथी: औषधपाणी घाईत करू नये. शत्रूला मारले की अंगात एक शक्ती साठते, आणि ती खर्चून जखम भरता येते. पण त्यासाठी क्षणभर एका जागी स्तब्ध उभे राहावे लागते. घाबरलेला माणूस नेमका सोटा डोक्यावर असताना उपचार करायला उभा राहतो आणि जातो. आधी लांब व्हावे, मग मलमपट्टी करावी.

सूचना पाचवी ही सर्वांत महत्त्वाची. या राज्याचे चलन 'जिओ'. तुम्ही मेलात की जवळचे सगळे जिओ मेल्या जागीच राहतात आणि त्यांच्यावर तुमचीच काळी सावली पहारा करते. बाकावरून उठायचे, परत त्या जागी जायचे, आपल्याच सावलीशी लढायचे आणि रक्कम सोडवून आणायची. वाटेत पुन्हा मेलात तर पहिली रक्कम कायमची बुडीत खाती. म्हणून अवघड जागी जाण्याआधी खरेदी उरकावी, आणि सावलीकडे जाताना धावू नये. माझी दोन मरणे निव्वळ या धावण्यात झाली आहेत.

"एवढे पैसे अंगावर घेऊन फिरायचे म्हणजे काय?" मी म्हणालो. "बँक नाही का इथे?"

"हाय ना," चिरंजीव म्हणाले, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू दिसले. पुढच्या एका धुकट भागात मिलिबेल नावाच्या बाईची बँक आहे. चिरंजीवांनी आपल्या खेळात तिथे रक्कम ठेवली होती. ठेव बरीच झाल्यावर एक दिवस जाऊन पाहतात तर बाई गायब! बँकेची इमारत म्हणजे नुसती पुढची फळी. बाई पुढे दुसऱ्या शहरात ऐश करताना सापडते आणि खिळ्याने बदडले की पैसे परत देते. माझ्यासारख्या माणसाला हे पाहून किती यातना झाल्या असतील! ठेवीदाराने वसुलीचा हा मार्ग माहीत करून घेऊ नये, अशी माझी शाखेच्या वतीने विनंती आहे. ही सूचना सहावी.

नवव्या दिवशी, एकोणीस मरणांनंतर, फॉल्स नाइट पडला. चिरंजीव "बाबा!" असे ओरडले की सौभाग्यवती हातात लाटणे घेऊन वर आली. आणि त्यानंतर दोन दिवस मी एका कड्यापाशी अडकलो. वर वाट दिसत होती, पण उडी पोचत नव्हती. धावून, मागे सरून, देवाचे नाव घेऊन पाहिले. आणखी चार वेळा मेलो. विसाव्या वर्षापासून माझी एक समजूत आहे, की माणसाने चिकाटीने प्रयत्न केला की दार उघडते. मुलालाही मी हेच ऐकवत आलो होतो.

"बाबा, सोडा ते," चिरंजीव म्हणाले. "भिंत चढायचं हत्यारच नाही तुमच्यापाशी. मँटिस क्लॉ म्हणतात त्याले. ते पार दुसऱ्या गावात भेटते. ते घ्यायचं आणि मंग इथं वापस यायचं. इथं किती बी डोकं आपटलं तरी काई होत नाई."

सातवी सूचना ती हीच. बंद वाट म्हणजे आपली चूक नव्हे. नकाशावर खूण करावी आणि दुसरीकडे जावे.

मला नववीतली गाविलगडची सहल आठवली. दर्यापूरहून एसटीने अंजनगाव, परतवाडा आणि मग चिखलदऱ्याचा घाट. मास्तरांनी तिथे सांगितले होते, की १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेने बाहेरच्या किल्ल्याचा तट फोडला, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा हलेना. तेव्हा कॅप्टन कॅम्बेल नावाच्या अधिकाऱ्याने दरवाजाचा नाद सोडला, शिड्या आणल्या, दुसरीकडून तट चढून आत गेला आणि दरवाजा आतून उघडला. हा वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. तो जिंकला याचे तेव्हा मला वाईटच वाटले होते, आजही वाटते. पण शिडीचा मुद्दा मात्र तीस वर्षांनी टिनाखाली बसून कळला. मी ही हकिगत मोठ्या उत्साहाने सांगितली.

चिरंजीव पडद्याकडे पाहत होते. किडा कड्याखाली उभा होता.

"बाबा, मेन्सचा निकाल लागला," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले. इंग्रजीत गेलो. मागल्या टायमाले बी इंग्रजीतच गेलो होतो."

कूलरचा आवाज फार मोठा आहे हे मला त्या रात्री जाणवले. पंधरा दिवस पोरगे हे एकटे घेऊन बसले होते, आणि मी खाली बसून लोकांना 'अभ्यास चालू आहे' सांगत होतो.

काय बोलावे? चिकाटी हा शब्द तोंडात आला होता. तो गिळला. त्याऐवजी, बावीस वर्षांत घरात न सांगितलेली गोष्ट सांगितली. आजीची तब्येत आणि बदलीची कटकट म्हणून मी ऑफिसर झालो नाही, असे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे. खरे असे, की मी बढतीची परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा तर अमरावतीहून येताना एसटीतच बदलीचे कारण शोधून काढले.

चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तुमची सावली अजून अमरावतीलेच उभी असंल की!"

"असेल."

"आणाले नाही गेले तुमी?"

"नाही रे. भेव वाटलं."

रात्री दोन वाजता आम्ही दोघे हसलो. खालून सौभाग्यवतीने विचारले, "आता काय झालं?" आम्ही खाली जाऊन तिला दोन्ही निकाल एकदम सांगितले. तिला मुलाचा निकाल तोंडावरून कळला होता आणि माझा तर कधीपासूनच माहीत होता. आमच्याच शाखेतल्या कोणीतरी हळदीकुंकवात सांगितला होता.

चिरंजीव आता सकाळी गावातल्या एका हिशेबनिसाकडे जीएसटीची कामे शिकायला जातात आणि संध्याकाळी इंग्रजी घेऊन बसतात. पुढची मुख्य परीक्षा कधी द्यायची हे त्यांनी ठरवायचे. मी विचारत नाही. हत्यार आधी, भिंत नंतर. माझ्या किड्यालाही ते दुसऱ्या गावचे हत्यार मिळाले असून तो आता भिंती चढतो.

राहता राहिला माझा प्रश्न. मध्यंतरी बढतीच्या परीक्षेचे परिपत्रक आले. या वयात पोरांच्या रांगेत बसायचे म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये सारले होते. सौभाग्यवती म्हणाली, "तेवीस खेपा मेले ना? मंग चोविसाव्या खेपेले कायचं भेव?"

अर्ज भरला आहे. शाखेत कोणाला सांगितलेले नाही. वाचकांनीही सांगू नये, विशेषतः हळदीकुंकवात.