चालती रेषा

उभ्या माणसाचे चित्र काढणे कठीण. पण धावणाऱ्या माणसाचे चित्र काढणे त्याहूनही कठीण. उभा माणूस आपल्यासाठी घटकाभर थांबतो. धावणारा कोणासाठी थांबणार? आपण पेन्सिल टेकवावी, तोच त्याचे पाऊल पुढे गेलेले असते. कागद तर स्थिर. त्यावर गती आणावयाची कशी? मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून निवृत्त झाल्यावर मी हा प्रश्न हाती घेतला आणि साठी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झालो.

माझे पहिले गुरू म्हणजे आमच्याच शाळेतील चित्रकलेचे शिक्षक. वयाने ते माझ्याहून कितीतरी लहान. पण विद्येपुढे वयाची काय मातब्बरी! ते म्हणाले, "सर, आधी हातपाय काढू नका. मानेपासून टाचेपर्यंत जाणारी शरीराची एकच रेषा पाहा. माणूस वाकला की ती वाकते, त्याने उडी घेतली की ती ताणली जाते. ती सापडली म्हणजे हातपायांची जागाही सापडते."

मग त्यांनी मला भार ओळखावयास शिकवले. आपण उभे असतो तेव्हा शरीराचा भार सरळ पावलांवर उतरतो. धावू लागताना शरीर पुढे झुकते, भार पावलांच्या पुढे जातो आणि माणूस पडू लागतो. पण पडण्यापूर्वीच दुसरे पाऊल पुढे येऊन त्याला सावरते. उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येतो, तोही हा तोल राखण्यासाठीच.

माझी दुसरी शाळा अंबरनाथला, वालधुनीच्या काठी भरली. तेथील काळ्या पाषाणाच्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060, असा काळ कोरलेला आहे. ते शिलाहार राजांचे राज्य होते. मंदिराच्या भिंतींवर देवदेवता आणि नर्तकी दाटीने उभ्या आहेत. 1868 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील मंडळींनी येथे येऊन या शिल्पांची आरेखने केली व साचे घेतले. त्याच भिंतींसमोर मी वही उघडून बसू लागलो.

मान एकीकडे, कंबर दुसरीकडे आणि गुडघा पुन्हा पहिलीकडे, अशा तीन वळणांच्या उभे राहण्याला आपल्याकडे त्रिभंग म्हणतात. शेकडो पावसाळ्यांनी या मूर्तींचे चेहरे झिजवले आहेत. कित्येकींचे हात तुटले आहेत. तरीही त्यांचा नाच थांबलेला नाही! कारण तो नाच बोटांत नव्हताच. तो कमरेच्या वळणात आणि एका पायावर तोललेल्या भारात होता. जे मुळाशी होते, ते उरले.

त्या शिल्पकारांजवळ कॅमेरा नव्हता. होते ते केवळ डोळे. डोळे कधी फसतातही. धावत्या घोड्याचे चारही पाय पुढेमागे ताणलेले असताना तो हवेत तरंगतो, असेच चित्रकार पूर्वी दाखवीत. 1878 साली अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून छायाचित्रे घेतली. घोडा जमिनीवरून पूर्ण सुटतो, तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

मात्र, अंगावरचा भार कसा जाणवतो, हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही. ते भार घेणाऱ्यालाच विचारावे लागते. आषाढात बदलापूरजवळच्या शेतांत भातलावणी चालू होती. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने चिखलात रोप खोचणे आणि एकेक पाऊल मागे सरकणे. बायांचे काम एका लयीत चालले होते. बांधावर बसून मी एका वृद्ध बाईंना विचारले, "आजी, सर्वांत जास्त कोठे दुखते?"

त्या हसून म्हणाल्या, "कंबर तर दुखतेच, गुरुजी. पण सगळा भार टाचांवर धरावा लागतो. तो सुटला, की बाई तोंडावर पडायची!"

त्या एका वाक्याने चित्राचा पाया मिळाला. मी प्रथम चिखलात रुतलेल्या टाचा काढल्या आणि तेथून वर जाणारी पाठीची कमान. पुढे उल्हासनगरच्या बाजारात कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेतलेला हमाल दिसला, तेव्हा माझी नजर त्याच्या ताठ मानेवर आणि लहान, भरभर पडणाऱ्या पावलांवर गेली. पूर्वी मी अशा माणसाला वाट देऊन पुढे जात असे. आता त्याच्या मानेवरचा ताण मला दिसू लागला होता.

बालमित्रांनो, तुमच्या मैदानावर खो-खोचा डाव रंगला, की पाठलाग करणारा गडी वळताना क्षणभर पाहा. त्याचा भार कोणत्या पायावर आहे, ते शोधा आणि एकच रेषा काढा. चित्र साधेल किंवा न साधेल. पण दुसऱ्याचे श्रम ओळखणारी दृष्टी तुम्हांला लाभेल. ती लाभली, तर पेन्सिलीचे सार्थक झाले असे मी म्हणेन.