आधी छपराला चुना

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या उत्तर नागपुरातल्या वस्तीत घरोघरी रंगरंगोटी सुरू होते. दर्शनी भिंत रंगते, दार रंगते, ओटा रंगतो. घराच्या डोक्यावर मात्र कोणी चढत नाही. छपराला कोण पाहतो? छपराला सूर्य पाहतो. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते.

मी कारकून माणूस. माझी दुपार जुन्या, उंच छताच्या कचेरीत पंख्याखाली जाते. टिनाखाली दुपार काढतात त्या आपल्या बायका, म्हातारी माणसे आणि झोळीतली लेकरे. गेल्या नवतपात आमच्या गल्लीतली एक बाळंतीण नऊ दिवसांच्या बाळाला घेऊन रोज दुपारी विहारात येऊन बसत असे. घरात लेकरू रडून लालबुंद व्हायचे, दूधही धरत नव्हते. नवऱ्याने हप्त्यावर कूलर आणला, तरी तेच. खोलीला एकच दार, एकच खिडकी आणि त्या खिडकीत कूलर. आलेली हवा बाहेर निघायला वाट नसली की खोलीत नुसता दमटपणा साचतो. दार अर्धे उघडे ठेवा एवढे सांगितल्यावर थोडा फरक पडला. पण वरचे टिन तसेच तापत होते.

आमचे घर पूर्वी कवेलूचे. २००४ साली स्लॅब पडला. पावसाळ्यात गळक्या छपराखाली भांडी मांडून ज्याने रात्र काढली, त्यालाच स्लॅबची किंमत कळते; तेव्हा स्लॅबला मी नावे ठेवणार नाही. पण आई रात्री विचारायची, "वर कोणी शेगडी पेटवली काय रे?" तिचे खरेच होते. टिन चटकन तापते आणि दिवस मावळला की चटकन निवते. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जाते. स्लॅब मात्र दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते घरात सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो, आणि बिल वेगळे.

यावर स्वस्त उपाय चुन्याचा. (चुना लावणे म्हणजे फसवणे, हा अर्थ क्षणभर विसरा.) पांढरे छत बरेचसे ऊन परत फेकते. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेविरुद्ध आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करायला घेतली. अशा छपराखाली घर दोन ते पाच अंशांपर्यंत थंड राहते, असा तिथला अनुभव सांगतात. आम्ही फेब्रुवारीअखेर स्लॅब झाडून, धुऊन, चुन्यात थोडा डिंक घालून दोन हात मारतो. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मारावा लागतो. आई आता खाटेवर लवकर डोळा लावते.

टिनावर चुना टिकत नाही. तिथे पांढरा ऑइलपेंट बरा. आतून बांबूचे तट्टे ठोकले तर आणखी चांगले, फक्त चुलीच्या वर ठोकू नका.

पंख्याचाही हिशेब मांडून पाहा. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० वॅटच्या आसपास. सोळा तास चालला तर महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात. पंखा महाग आहे, म्हणून जुना जळेल तेव्हाच बदला. आधी छप्पर.

केंद्र सरकारने २०१८ साली इको निवास संहिता आणली. छतातून किती उष्णता आत येऊ द्यायची, याची मर्यादा तिच्यात आहे. पण ती लिहिली ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. रमाई घरकुलाच्या २६९ चौरस फुटांना कोणती संहिता? तिथे आपणच मिस्त्रीपाशी उभे राहायचे आणि समोरासमोर दोन खिडक्या सोडायला लावायच्या. पश्चिमेची भिंत शक्यतो बंद ठेवायची. स्लॅब पडल्यावर कोणी भिंत फोडत नाही.

भाडेकरूंचे काय, हे विचारणारे आहेतच. त्या बाळंतिणीचा घरमालक म्हणाला, रंग तुम्ही आणा, भाड्यातून वळते करणार नाही. मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून डबा आणला. शिडी विहाराची आहे. येत्या रविवारी सकाळी आठच्या आत, टिन तापायच्या आधी, काम उरकायचे ठरले आहे.