ळ कुठे बसवायचा?

जळगावात नोकरी सांभाळून मी पायथॉनची एक छोटी लायब्ररी लिहीत होतो. काम एवढंच, मराठी-अहिराणी शब्दसूची आपल्या वर्णक्रमाने लावायची. पायथॉनचं सॉर्टिंग युनिकोडच्या क्रमाने चालतं आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून ‘डोळा’ (अहिराणीत डोया) ‘डोह’च्या आधी लागायचा.

तयार इलाज होता. आयसीयू या लायब्ररीला मराठीचा क्रम ठाऊक आहे. ती पायथॉनमधून वापरू देणारं पायआयसीयू जोडलं आणि माझ्या लिनक्सवर यादी बिनचूक लागली.

धुळ्यातल्या मित्राने तीच लायब्ररी कॉलेजच्या लॅबमध्ये टाकायला घेतली. तिथे विंडोज, कंपायलर नाही, नेट रडतखडत. पायआयसीयूला मागे सी प्लस प्लसमधली अख्खी आयसीयू लागते. ती नसली की इन्स्टॉल लाल अक्षरांत संपतं. “आठे काहीच चालस नही, भाऊ,” त्याचा फोन आला.

एका ळसाठी एवढं ओझं त्याच्या मशीनवर कशाला? पायआयसीयू मी ऐच्छिक केलं, ज्याला हवं त्याने घ्यावं. ळ, क्ष, ज्ञ यांच्या जागा सांगणारा छोटा तक्ता स्वतः लिहिला.

हा तक्ता ठेवायचा कुठे, हा खरा प्रश्न निघाला. क्रम लावणाऱ्या मॉड्यूलला अक्षरं तोडून हवी होती, म्हणून ते तोडणाऱ्या मॉड्यूलला इम्पोर्ट करायचं. तोडणाऱ्याला क्ष, ज्ञ ओळखायला तक्ता हवा, आणि तक्ता क्रमाच्या मॉड्यूलमध्ये. दोघं एकमेकांना बोलावतात, पायथॉन अर्धवट भरलेलं मॉड्यूल हाती देतो आणि एरर येते. इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या आत ढकलली की एरर दबते, पण गुंता तसाच राहतो. मी तक्ता वेगळा काढला. तो कोणालाच इम्पोर्ट करत नाही. बाकी दोघं त्याच्याकडे बघतात.

बाहेरचं काहीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अकरा ओळींचा तुकडा जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज-साठ्यावरून काढला गेला आणि जगभर हजारो प्रोजेक्ट अडले, हे खरंच आहे. तरी मजकुरात पॅटर्न शोधणारं ‘रेजेक्स’ हे बाहेरचं पॅकेज मी ठेवलं. त्याच कामाच्या, पायथॉनसोबतच येणाऱ्या ‘आरई’मध्ये शब्द शोधायचा नेहमीचा पॅटर्न मात्रांना अक्षरात धरत नाही, ‘डोळा’चे ‘ड’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे पाडतो. ‘रेजेक्स’ अख्खं ‘डो’ एकत्र देतं, आणि त्याची विंडोजसाठी तयार फाईल मिळते. ती मी पेनड्राइव्हवर धुळ्याला पाठवली. लॅबमध्ये नेट न लावता इन्स्टॉल झालं.