उचललं आणि अटक

जालना,
रविवार, रात्री ९

चि. माई हिस,


तुझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या भावाला आज दुपारी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलं. मी त्याला भेटलो. अंगावर मार नाही, जेवलेला आहे. हे आधी बाईंना सांग आणि मग पुढचं वाच.

काल फोनवर तू विचारलंस, "मामा, माणूस पकडला की कुठेतरी लिहीत असतील ना? मग ते मागायचं कुणाकडे?" मी घाईत होतो, नीट बोललो नाही. बाईंना वाचून दाखवता येईल असं आता लिहितो.

त्याच्या आईने मला फोन केला तेव्हा ती "अटक" म्हणाली नाही. "पोरगं उचललं" म्हणाली. आपल्याकडे सगळे असंच बोलतात, नाहीतर "चौकशीला नेलं" म्हणतात. वकिली सुरू केल्यापासून मी या दोन शब्दांच्या मधल्या जागेतच भटकतो आहे. अटकेचे चार-पाच कागद होतात. उचलल्याचा एकही होत नाही. कायद्याला मात्र हा फरक मान्य नाही. माणसाला मनाप्रमाणे उठून जाता येईनासं झालं की तिथूनच अटक सुरू झाली, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगून ठेवलं आहे. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे तर संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातच आहे. म्हणून बाईंना पहिली गोष्ट सांग, किती वाजता नेलं ते लिहून ठेवायचं. कुठून, कोणी, गाडी कुठली, पाहणारं कोण होतं, तेही. शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलं तरी चालतं.

मग प्रश्न येतो, कुठल्या ठाण्यात? जालना शहरातच चार ठाणी आहेत, सदर बाजार, कदीम जालना, चंदनझिरा आणि तालुका. बाहेर अंबड, गोंदी, परतूर, मंठा, भोकरदन, बदनापूर अशी आणखी कितीतरी. त्यात स्थानिक गुन्हे शाखेने, म्हणजे लोक ज्याला एलसीबी म्हणतात तिने नेलं असेल तर शोध आणखी लांबतो. ती शाखा जिल्हाभर फिरते आणि माणूस ठेवायला तिला कुठल्या तरी ठाण्याची कोठडी लागते. घरच्यांनी एकेक दार वाजवत बसू नये. पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या नियंत्रण कक्षात विचारावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ त्याचसाठी आहे. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक नेमलेला अधिकारी असला पाहिजे, सहायक उपनिरीक्षकाच्या खालचा नको. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि आरोप कोणता, हे त्याने सांभाळायचं आणि सगळ्यांना दिसेल असं लावायचं, फलकावर किंवा संगणकावर.

हा फलक कुठून आला ते तुला सांगायलाच हवं, कारण त्याची सुरुवात एका पत्रातून झाली. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचं काम करणारे दिलीपकुमार बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून २६ ऑगस्ट १९८६ला सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्र हीच याचिका मानली. निकाल लागला १८ डिसेंबर १९९६ला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद तिथल्या तिथे व्हावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातेवाइकाला कळवावं, नियंत्रण कक्षात फलक असावा, असे अकरा नियम त्यात आले. पुढे २०१० पासून त्यातले बरेच नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बसले आणि आता नव्या संहितेत आले. या फलकामागे दहा वर्षांची वाट आहे, माई. तो कोरा दिसला की मला राग येतो तो त्यामुळे.

आता कागद. पहिला अटक पंचनामा. त्यावर तारीख, वेळ, घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि ज्याला धरलं त्याचीही सही. दुसरी नोंद म्हणजे घरच्यांना कळवल्याची. कोणाला कळवलं ते ठाण्यातल्या वहीत लिहावं लागतं आणि ते झालं का, हे दंडाधिकाऱ्यांनी तपासायचं असतं. तिसरा कागद सिव्हिल हॉस्पिटलमधल्या तपासणीचा. त्याची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. चौथा कागद सगळ्यांत मोलाचा, अटकेची कारणं. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ला, मुंबईतल्याच एका प्रकरणात, स्पष्ट केलं की गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायची. तेव्हाच्या तेव्हा जमलं नाही तर आधी तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात हवा. आपल्या पोराला मराठीखेरीज दुसरं काही वाचता येत नाही, त्यामुळे मी आज पहिल्यांदा तेच मागितलं.

प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, घरबसल्या बघता येते. २०१६ च्या निकालापासून ती चोवीस तासांत, फार अडचण असेल तर बहात्तर तासांत, पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची असते. लैंगिक अत्याचार, दहशतवाद असे नाजूक गुन्हे तेवढे वगळतात. जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकली की सापडते. नाही सापडली तर माणूस प्रतिबंधक कारवाईत धरलेला असू शकतो. तिथे गुन्हाच दाखल नसतो. मग तहसीलमध्ये, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे चॅप्टर केस आहे का ते विचारावं. हे अनेक वकिलांच्याही लक्षात राहत नाही.

मी हे सगळं पुस्तकातून शिकलो नाही. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक म्हातारी माझ्याकडे आली होती, फडक्यात भाकरी बांधून, पोरासाठी. आम्ही तीन ठाणी फिरलो. तिन्हीकडे "इथं नाही" हेच उत्तर. चौथ्या दिवशी तो न्यायालयात दिसला आणि कागदावर अटक त्याच दिवशी सकाळची होती. मधल्या तीन दिवसांचा पुरावा माझ्यापाशी काहीच नव्हता, कारण मी सगळीकडे तोंडी विचारलं होतं. म्हातारीने मला दोष दिला नाही. ती भाकरी तिने मुलाला दिली, वाळून खडखडीत झालेली. त्या दिवसापासून मी तोंडी विचारणं सोडलं. अर्ज लिहायचा, पोच घ्यायची. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने अधीक्षकांना पाठवायचा. पूर्वी आम्ही तार करायचो. तारेवर वेळ छापलेली असे आणि ती न्यायालयात बोलायची. जुलै २०१३मध्ये तार बंद झाली तेव्हा आमच्या बाररूममध्ये जुनी माणसं हळहळली ती याच कारणाने.

माहितीचा अधिकारही आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर. एरवी तीस दिवस लागतात, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाच्या पहिल्याच ओळीत हे लिहायचं. "तपास चालू आहे" एवढं सांगून नकार देता येत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्ये म्हटलं आहे. पण खरं सांगू? कोठडीतल्या माणसाला अर्जाआधी वकील लागतो आणि तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. कोठडीत असणं एवढंच पुरे, उत्पन्नाचा दाखला नको. १५१०० हा नंबर बाईंना पाठ करायला सांग.

मला सतत आठवतात त्या पारध्यांच्या बायका, ठाण्याबाहेरच्या लिंबाखाली लेकरं घेऊन बसलेल्या. गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं वहीत असत, गुन्हा न करताही हजेरी द्यावी लागे. १९५२ला तो कायदा गेला. आज त्यांच्या नातवाला नेलं तर त्याचं नाव वहीत सापडत नाही. जी वही त्यांच्यावर पाळत ठेवायला होती, ती त्यांच्या संरक्षणासाठी लागते तेव्हा उघडत नाही.

तुझ्या शेजारणीने विचारलंय, मुलीसाठी आलेल्या स्थळाचं असं काही "रेकॉर्ड" काढता येईल का. नाही, आणि मी काढून देणारही नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्याने मागायचा असतो. त्या मुलालाच आणायला सांगा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पकडलेल्या माणसाचा फोटो कुणालाही मिळतो आणि तो संकेतस्थळांवर टाकून, काढण्यासाठी पैसे उकळणारेही निघाले. तिथला माणूस निर्दोष सुटला तरी फोटो राहतो. अटकेचा कागद आधी त्या माणसाचा आणि त्याच्या घरच्यांचा. चारचौघांनी त्यावरून त्याचं माप काढावं म्हणून तो केलेला नाही.

आपल्या पोराच्या रिमांडच्या कागदांच्या नकलेसाठी उद्या अर्ज करतोय. दोषारोपपत्र आल्यावर त्याची प्रत त्याला फुकट मिळेल, त्यानंतर तो न्यायालयात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत.

आणखी एक. संध्याकाळी त्याच्या आईला मी अटक पंचनामा वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही, पण वार ओळखू येतात. रविवार पहाट, असं मी वाचल्यावर तिने कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात शुक्रवार कुठंय?" मी गप्प राहिलो. ठाण्यांत कॅमेरे हवेत, आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या दारावरही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२०चा आदेश आहे. शुक्रवार रात्रीपासूनचं चित्रण पुसू नये, जपून ठेवावं, असा अर्ज आत्ताच लिहून झाला. आईचा अंगठा घेतला आहे. सकाळी दहाला घेऊन जातो. पोच मिळाली की तिचा फोटो तुला पाठवतो.

तुझा,
मामा