शेजारचा पेरू

लखनौच्या अमीनाबादेतल्या आमच्या भाड्याच्या घराला दोनच खिडक्या. एक रस्त्यावर उघडते. तिच्यातून कबाबाचा धूर, चिकनच्या कुर्त्यांची घासाघीस आणि रिक्षांच्या घंट्या रात्री उशिरापर्यंत आत येत राहतात. दुसरी मागच्या अंगणात. तिथे घरमालकिणीचं, म्हणजे बड़ी अम्मांचं, पेरूचं जुनं झाड आहे आणि त्याच्यापासून चार पावलांवर मी लावलेली तुळस. रत्नागिरीहून इथे आले तेव्हा सामान सोडायच्या आधी मी कुंडी शोधली होती.

जुलै होता. दशहरी संपत आलेला, चौसा नुकताच गाड्यांवर चढलेला, पाऊस दोनदा येऊन गेलेला. चौसा कापला तर बाठ्याजवळचा गर पाणचट, तपकिरी, आणि त्यात पांढुरक्या अळ्या. वरून फळ इतकं देखणं! साल उजेडात धरली तेव्हा कुठे टाचणीने टोचल्यासारखा ठिपका दिसला. आमच्याकडे त्याला डंख म्हणतात. तो सगळा चिखल मी परसात नेला आणि पेरूच्या आळ्यात टाकला. झाडाला खत होईल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्या चाचांना सांगितलं. ते म्हणाले, “बिटिया, बारिश पड़ गई,” आणि न मागता दोन फळं पिशवीत टाकली.

त्यांच्या त्या तीन शब्दांत पुष्कळ काही होतं. फळमाशीची मादी पाडाला आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी आतल्या आत गर खात वाढते, फळ गळून पडतं, मग ती बाहेर येऊन जमिनीत शिरते आणि मातीत कोष करते. उन्हाळ्यात अंड्यापासून माशीपर्यंत जेमतेम तीन आठवडे लागतात. पाऊस पडला, माती ओलावली, की संख्या झपाट्याने वाढते. म्हणून जूनमधला दशहरी पुष्कळसा सुटतो आणि उशिराचा चौसा सापडतो. आमच्या हापूसचंही तेच. एप्रिलचा आंबा निर्धास्त खावा, मेअखेरचा आधी कापून बघावा.

ही माशी आंब्याची, आंब्याबरोबर येते आणि आंब्याबरोबर जाते, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. पण आंबा हा तिच्या वर्षातला नुसता एक मुक्काम आहे. आंबे उतरले की पावसाळी पेरू पिकायला लागतात. त्याच्या मागेपुढे चिकू, पपई, इकडचे आडू, रस्त्याकडेचा देशी बदाम. बागेत एकही फळ नसतं त्या महिन्यांत ती कुणाच्या तरी विहिरीपाशी, कुणाच्या तरी कुंपणात दिवस काढत असते. आणि झाडाशी तिचं नातं फळापुरतंच नाही. अंडी धरायला तिला पोषण लागतं. ते पानांवरच्या चिकट्यातून मिळतं, पाखरांच्या विष्ठेतून मिळतं. ऊन तापलं की दाट पानांची सावली लागते. कारल्या-दोडक्याची माशी वेगळ्या जातीची, पण तीही वेलावर अंडी घालून विसाव्याला शेजारच्या मक्यात जाते. सगळंच हिरवं मात्र दोषी नाही. बोराची मुख्य माशी निराळी, ती आंब्याच्या वाटेला जात नाही. हे न बघता बांधावरची बोरी तोडणारे लोक पाहिले की मला त्या बोरीचं फार वाईट वाटतं.

तुळशीचं तर नवलच. पावसाळी सकाळी पाणी घालताना पानांवर तपकिरी, पिवळ्या पट्ट्यांच्या सडपातळ माश्या दिसायच्या. पान चाटत बसलेल्या, हात नेला तरी हलत नसत. मी त्यांना लहानशा गांधीलमाश्या समजत होते. ते फळमाशीचे नर होते. तुळशीत मिथाइल युजेनॉल असतं आणि त्याच्या वासाने ते खेचले जातात. बिहारमधल्या पुसाला हाऊलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ साली पाहिलं की सिट्रोनेला तेलावर या माश्यांचे नरच येतात. १९१५ मध्ये त्याने मिथाइल युजेनॉलचं नाव पुढे आणलं. आज बागोबाग टांगलेल्या सापळ्यांत त्याचाच बोळा किंवा लाकडी ठोकळा असतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आमच्या कोकणात याच वासावर चालतो. वृंदावनापुढे हात जोडणाऱ्या माझ्या आजीला हे कळलं असतं तर ती आनंदली असती, असं मला खात्रीने वाटतं.

रत्नागिरीचे माझे काका मात्र सापळ्यावर थांबायला तयार नव्हते. १ मे २०१४ पासून युरोपने आपल्या आंब्याला दार बंद केलं, कारण पेट्यांमध्ये फळमाशी सापडली होती. महाराष्ट्र दिनाला सुरू झालेली ती बंदी पुढच्या वर्षी उठली. पण तो मे महिना काकांच्या आवाजात राहून गेला. खालच्या आळीतले पेरू तोडले पाहिजेत, असं ते तेव्हापासून फोनवर म्हणतात. मला ते पटत नाही. माशी किलोमीटरच्या किलोमीटर उडते. किती अंगणं बोडकी करणार? शिवाय त्याच झाडाझुडपांत तिचे वैरी नांदतात. पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या फळावर फिरत असल्या तर माशी तिथे टेकायला धजत नाही. माशीच्या अंड्यात, अळीत स्वतःचं अंडं ठेवणारे इवले परजीवी कीटक असतात. हवाईत तर गळलेली फळं एका बारीक जाळीच्या तंबूत टाकतात. जाळीची भोकं अशी मोजलेली की माशी आत कोंडून राहते आणि परजीवी कीटक बाहेर पडून पुन्हा बागेकडे जातो. त्या भोकांचं माप शोधणाऱ्याला मला एकदा भेटावंसं वाटतं.

या शहराच्या नावांत अजून बागा आहेत: चारबाग, ऐशबाग, आलमबाग, कैसरबाग. अमीनाबाद अवधचे नवाब अमजद अली शाह यांच्या वजिराचं, अमीनुद्दौलाचं नाव धरून आहे. मलिहाबादच्या आमराया इथून बऱ्याच दूर. आमच्या अंगणातली माशी तिथवर जाते असं मी म्हणणार नाही. पण तिथून ती आमच्याकडे येते, पेटीत बसून, चौशाच्या पोटात. ऑगस्टमध्ये बड़ी अम्मांनी सुरीने पेरू चिरला आणि काही न बोलता ताट बाजूला सारलं. ते पाहताना मला आळ्यात ओतलेला तो चिखल आठवला. तीन आठवडे मोजून पाहिले. ती माशी त्याच चिखलातली होती, हे सिद्ध करता येणार नाही. तरी मी अम्मांना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “पेड़ नहीं कटेगा.” मी म्हटलं, कापायचं नाहीच.

आता रोज सकाळी आम्ही दोघी पडलेले पेरू वेचतो, सालीवर डंख असलेले वरचेही काढतो. सगळे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून गच्चीवर उन्हात ठेवतो. आतल्या उष्म्याने अळ्या मरतात. आळ्याची माती मी खुरप्याने हलवते, म्हणजे कोष उघडे पडतात आणि साळुंक्या ते टिपतात. काल वेचून झालं, पिशवीला गाठ मारली, तर भिंतीपलीकडे काहीतरी टपकन पडलं. तिकडेही एक पेरू आहे, फांद्या आमच्याकडे झुकलेल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. अम्मांनी दुपट्टा डोक्यावर घेतला, मी दुसरी पिशवी घेतली, आणि गल्लीतून वळसा घालून आम्ही शेजारच्या दाराची कडी वाजवली.