मुक्या जिवाची खाज

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मांजर असेल. हजरत अबू हुरैरा यांचे नाव तुम्हांला ठाऊक आहेच. त्या नावाचा अर्थ ‘मांजरीच्या पिल्लाचे वडील’ असा होतो. मांजराचा लळा आपल्याला नवा नाही. पण मांजर आजारी पडले, हे तुम्ही कशावरून ओळखता?

मांजर आपले अंग चाटते, ती त्याची आंघोळच असते. परंतु ते एकच जागा पुन्हा पुन्हा चाटू लागले, पोटावरचे केस विरळ झाले, मानेवर बारीक खपल्या हाताला लागू लागल्या, तर त्याला खाज सुटली आहे असे समजावे. कुत्रा पंजे चावतो, तोंड जमिनीला घासतो, कान सारखे खाजवतो. कधी त्याच्या कानाला घाण वासही येतो.

ही लक्षणे अनेकदा ॲलर्जीची असतात. व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली हा शब्द तयार केला. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी वस्तूलाच शत्रू समजते आणि तिच्याशी लढू लागते. माणसाला अशा वेळी शिंका येतात, कुत्र्यामांजरांना बहुधा खाज सुटते.

आपल्या भोसरीत काहीही झाले, की आपण एम.आय.डी.सी.च्या धुराला बोल लावतो. खाजेचे कारण घरातली धूळ, गवताचे पराग किंवा खाण्यातले कोंबडीचे मांस असू शकते. पण पुष्कळदा खरा गुन्हेगार असतो तो एवढासा पिसू! पिसू चावताना त्याची लाळ कातडीत शिरते. ॲलर्जी असलेल्या प्राण्याला एकदोन चावेही पुरतात. पिसू डोळ्यांना दिसला नाही, तर बारीक दातांच्या कंगव्याने केस विंचरा. पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. तिच्यात प्राण्याचेच रक्त असते.

अंगावर चट्टे पडलेला कुत्रा दिसला, की आपल्याकडे कोणीतरी गॅरेजमधून जळके ऑइल आणून चोपडतो. आमच्या शेजारच्या खालांनीही आपल्या मांजरीसाठी डबाभर ऑइल मागवले होते. मायेनेच मागवले होते.

मी विचारले, “खाला, ही दिवसभर अंग चाटते ना? मग हे ऑइल कुठे जाईल?”

त्यांनी डबा खाली ठेवला. “मग तापाची गोळी देऊ का अर्धी?”

ती तर त्याहून वाईट! आपण तापासाठी घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याचे पिसवांचे औषधही मांजराला परस्पर लावू नये.

“जनावराला कसला आलाय डॉक्टर?” असे खाला म्हणाल्या खऱ्या. पण मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीच सुरू झाले आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेतही पशुवैद्यकीय विभाग आहे. तोंड सुजले किंवा श्वास घेणे अवघड झाले, तर क्षणाचाही उशीर न करता पशुवैद्याकडे जावे.

अखेर खाला मांजरीला पिशवीत घालून निघाल्या. आठवीतली नातही बरोबर गेली. डॉक्टरांनी पुष्कळ विचारले. खाज केव्हापासून आहे? आधी कुठे सुटली? खायला काय देता? घरात आणखी कोणाला खाज येते का? हे शेवटचे विचारावेच लागते, कारण गजकर्ण मांजराकडून माणसालाही होतो. सगळी उत्तरे नातीने दिली. तिने कापसावरचा तांबूस डागही कागदात गुंडाळून नेला होता.

डॉक्टरांनी मांजरीला तपासून औषध दिले, शिवाय घरातली अंथरुणे गरम पाण्यात धुवायला सांगितली. नुसत्या मांजरीला औषध देऊन भागत नाही, कारण पिसवांची अंडी केसांतून गळून अंथरुणात पडलेली असतात. खालांना हे काम फार जड गेले. दर आठवड्याला गोधड्या धुताना त्या मांजरीला बोल लावीत. दीड महिन्याने तिच्या पोटावर मऊ लव दिसू लागली. डब्यातले ऑइल त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांना घातले.