अब्बांचा जॅक

आम्ही दोघे भाऊ. एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसरा टेम्पो चालवतो. अब्बांच्या पश्चात टेम्पो, पान्यांची पेटी आणि पाच टनांचा हायड्रॉलिक जॅक दोघांचा झाला. जॅक जिन्याखाली असायचा. वर्षभरापासून त्याच्याखाली तेलाचा डाग पडत होता. अम्मी म्हणायची, "अरे, एकदा दाखवून तरी आणा." आम्ही खाली पुठ्ठा सरकवला, तेल कमी झालं तेव्हा घरातलंच थोडं ओतलं आणि विसरलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कांदा भरून येत होतो. सोबत चौदा वर्षांचा मुलगा होता. वाटेत मागचं चाक पंक्चर झालं. ॲक्सलखाली जॅक लावून चाक काढलं. एक नट घरंगळत ड्रमखाली गेला, तो काढायला मुलाने हात घातला. तेवढ्यात टेम्पो बसू लागला. ना आवाज, ना धक्का, नुसता खाली येत होता. आम्ही मुलाला खांद्याला धरून मागे ओढलं. ड्रम मातीला टेकला. अल्लाहचा शुक्र, बोटं वाचली. एका ट्रकवाल्याने आपला जॅक दिला म्हणून घरी पोहोचलो. रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बांच्या ओळखीच्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी जॅक फडक्याने कोरडा पुसला, वजन दिलं आणि बघत बसले. म्हणाले, "दांड्याभोवती तेल आलं तर सील गेलं. बाहेर कोरडं आणि तरी जॅक बसतो, तर आतल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा." आमच्या जॅकला दोन्ही दुखणी होती. खोलल्यावर सील फुगून मऊ पडलेलं निघालं.

"तेल कुठलं घातलंत, बेटा?"

"ब्रेक ऑइल."

उस्तादांनी मान हलवली. ब्रेक ऑइल या जॅकच्या रबराला चालत नाही, रबर फुगतं आणि कामातून जातं. आम्ही मात्र 'तेल ते तेल' म्हणून ओतलं होतं.

त्यांनी सगळे भाग धुतले, व्हॉल्व्हची गोळी आणि तिची बैठक साफ केली, दांड्यावर कुठे चरा किंवा गंज आहे का ते नखाने पाहिलं. चरा असता तर नवं सीलही टिकलं नसतं. मग नवी सील, नवे ओरिंग. दांडा पूर्ण खाली बसवून भोकापर्यंतच हायड्रॉलिक ऑइल भरलं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा हँडल मारलं, आतली हवा निघाली.

मुलगा बघत होता. म्हणाला, "हा पास्कलचा नियम." बारीक दट्ट्या एक सेंटिमीटर व्यासाचा आणि जाड दांडा तीन सेंटिमीटरचा असेल, तर क्षेत्रफळ नऊ पट, म्हणून जोरही नऊ पट. हँडलचा फायदा वेगळाच. उस्ताद हसले. "बरोबर. पण ते सगळं वजन त्या एवढ्याशा रबरावर असतं, हे लक्षात ठेव."

मग त्यांनी विचारलं, "अब्बांचा ठोकळा कुठाय? बाभळीचा होता. जॅक लावला की ॲक्सलखाली ठोकळा सरकवल्याशिवाय ते चाकाला हात लावत नसत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो ठोकळा गेल्या थंडीत आम्ही फोडून बंबात घातला होता.

जॅक आता गळत नाही. तरीही वखारीतून दोन जाड ठोकळे कापून आणलेत. मुलाला सांगून ठेवलंय, जॅक फक्त उचलायला, धरून ठेवायला ठोकळा. तुमच्या घरी गाडी असेल तर आज एकदा जॅकखाली बघा. डाग दिसला तर पुठ्ठा सरकवू नका.